बटण दाबण्याआधी



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर एखादी जुनी तसबीर टांगलेली असेल. काळ्या चौकटीतली, थोडी पिवळी पडलेली. तीत तुमचे दादा किंवा नाना खुर्चीवर ताठ बसलेले असतील. कल्याणच्या एखाद्या स्टुडिओत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ती काढलेली असेल. जवळ जाऊन ती नीट पाहा. डोळे स्पष्ट दिसतात. टोपीची किनार दिसते. शेरवानीची बटणे मोजता येतात.

आता घरातला मोबाइल फोन हातात घ्या. त्यात शेकडो छायाचित्रे असतील. त्यांतली किती छायाचित्रे पन्नास वर्षांनी भिंतीवर लावण्यासारखी आहेत?

हा प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला, तेव्हा माझी मान खाली गेली. एका ईदच्या सकाळी मी अब्बांची चाळीसएक छायाचित्रे काढली होती. ते दारात उभे होते. अंगात नवा कुर्ता होता, डोक्यावर नवी टोपी होती. बाहेर लख्ख ऊन पडले होते आणि अब्बांची पाठ उन्हाकडे होती. सगळ्या छायाचित्रांत बाहेरचा रस्ता छान आला. अब्बांचा चेहरा मात्र काळा आला. मी म्हटले, "असू दे, पुढच्या ईदला पुन्हा काढू." पुढच्या ईदला अब्बा नव्हते.

यात फोनचा काही दोष नव्हता. अब्बांना दारातून आत घेऊन उजेडाकडे तोंड करून उभे केले असते, तर एकाच छायाचित्रात काम झाले असते. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. तुम्हाला ती ठाऊक असावी, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

आधी नावांकडे पाहू. मराठीतला 'तसबीर' हा शब्द आणि उर्दूतला 'तस्वीर' हा शब्द एकच आहे. मराठीत फोटोला 'छायाचित्र' असेही म्हणतात. छाया म्हणजे सावली. 'फोटोग्राफी' हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ 'प्रकाशाने लिहिणे'. उर्दूत या कलेला 'अक्कासी' म्हणतात. तो शब्द 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब यावरून आला आहे. पाहा, एक नाव सावली सांगते, दुसरे प्रकाश सांगते आणि तिसरे प्रतिबिंब. या तीन नावांतच छायाचित्रणाचे सारे रहस्य आहे. प्रकाश कोठून येतो आणि सावली कोठे पडते, हे ज्याने पाहिले, त्याला निम्मी कला आली.

हे प्रकाशाचे रहस्य सुमारे हजार वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने प्रयोग करून उलगडले. त्यांचे नाव इब्न अल्-हैसम. त्यांचा जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास बसरा शहरात झाला. पुढे ते कैरोला राहिले. 'किताब-उल-मनाजिर' हा त्यांचा प्रकाशावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. वस्तूवरून आलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, म्हणून वस्तू दिसते, असे त्यांनी मांडले. सूर्यग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आलेल्या उजेडाचा आकार कसा दिसतो, याचाही त्यांनी अभ्यास केला.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. उन्हाळ्यात दुपारी खोलीची दारे-खिडक्या बंद करा. खिडकीच्या फटी कागदाने बुजवा आणि कागदाला एक लहान छिद्र पाडा. थोडा वेळ डोळे अंधाराला सरावू द्या. मग समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड, रस्ता आणि माणसे उलटी दिसू लागतील. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा उजेड खाली पडतो आणि खालचा वर. कॅमेरा म्हणजे अशीच एक अंधारी खोली. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थही 'खोली' असाच आहे. तुमच्या फोनमध्ये ही खोली शेंगदाण्याएवढी लहान झाली आहे. छिद्राच्या जागी काचेचे किंवा प्लॅस्टिकचे बारीक भिंग आहे. भिंतीच्या जागी नखाहूनही लहान अशी एक चकती आहे. तिला संवेदक म्हणतात. संवेदकावर लाखो सूक्ष्म ठिपके असतात. प्रत्येक ठिपका आपल्यावर किती उजेड पडला, ते मोजतो. या सर्व मोजमापांतून चित्र तयार होते.

दुकानदार सांगतो, "या फोनला इतके मेगापिक्सेल आहेत." मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली कोडॅक कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात फक्त दहा हजार ठिपके होते आणि ते चित्र फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आज साध्या फोनच्या चित्रातही सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. ते पुष्कळ झाले. पण ठिपके कितीही असले, तरी अंधारात ते काय मोजणार? म्हणून महाग फोन नाही, याचे दुःख करू नका. आपल्याला उजेड पाहायला शिकायचे आहे आणि उजेड सर्वांना फुकट मिळतो.

आता कामाला लागू. पहिले काम अगदी सोपे आहे. फोनचे भिंग पुसा. फोन दिवसभर खिशात आणि हातात असतो. भिंगावर बोटांचे तेल आणि धूळ बसते. त्यामुळे छायाचित्र धुरकट येते आणि दिव्याभोवती पसरट किरणे दिसतात. मऊ, स्वच्छ सुती कापडाने भिंग हलकेच पुसा. अनेकांचा 'बिघडलेला' कॅमेरा एवढ्यानेच सुधारतो.

दुसरे काम म्हणजे उजेड शोधणे. छायाचित्र काढण्यापूर्वी स्वतःला विचारा, "उजेड कोणत्या बाजूने येत आहे?" उजेड माणसाच्या पाठीमागे असेल, तर चेहरा काळा येतो. असे का होते? कॅमेरा सगळ्या दृश्यातला उजेड एकत्र मोजतो. मागचे आकाश फार उजळ असले, की तो चित्र गडद करतो. मग सावलीतला चेहरा अधिकच काळा होतो. माझ्या अब्बांच्या बाबतीत हेच झाले. उपाय दोन आहेत. माणसाला वळवून त्याचे तोंड उजेडाकडे करा. ते शक्य नसेल, तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा. मग कॅमेरा चेहऱ्याचा उजेड मोजतो आणि चेहरा उजळतो. अनेक फोनमध्ये बोट टेकवल्यावर लहानसा सूर्य दिसतो. तो वर सरकवला की उजेड वाढतो, खाली सरकवला की कमी होतो.

घरात छायाचित्र काढायचे असेल, तर खिडकी हा सर्वांत चांगला दिवा आहे. दादीला खिडकीजवळ बसवा. त्यांचा चेहरा थोडा खिडकीकडे वळवा. खोलीतला विजेचा दिवा बंद करा. तुम्ही खिडकीच्या बाजूला उभे राहा. पण खिडकी अडवू नका. आता पाहा, चेहऱ्याची एक बाजू उजळ दिसेल आणि दुसऱ्या बाजूवर हलकी सावली असेल. या सावलीमुळे चेहऱ्याला उठाव येतो. फोनच्या फ्लॅशने असा चेहरा येत नाही. फ्लॅशचा प्रकाश समोरून आदळतो, चेहरा सपाट करतो आणि थोड्या अंतरापलीकडे पोहोचतही नाही.

बाहेर छायाचित्र काढताना घड्याळ पाहा. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली पडते. सकाळी आणि सायंकाळी ऊन तिरपे आणि कोवळे असते. आपल्या टिटवाळ्याला काळू नदी आहे. ती पुढे उल्हास नदीला मिळते. एकदा भर दुपारी सुरक्षित जागेवरून तिचे छायाचित्र काढा आणि त्याच जागेवरून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काढा. नदी तीच, फोन तोच. पण दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर एकाच नदीची वाटणार नाहीत. पावसाळ्यातला ढगाळ दिवसही वाईट समजू नका. ढग सूर्यासमोर पांढऱ्या पडद्यासारखे उभे राहतात. त्या दिवशी सावल्या मऊ पडतात आणि चेहरे सुंदर येतात.

तिसरे काम म्हणजे हात स्थिर ठेवणे. छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जगापुढे आली आणि पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्या काळी एका छायाचित्रासाठी माणसाला कित्येक सेकंद न हलता बसावे लागे. आज उन्हात फोनला सेकंदाचा लहानसा अंशही पुरतो. पण अंधार पडला, की फोनलाही उजेड गोळा करायला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात हलला, तर चित्र पुसट येते. म्हणून फोन दोन्ही हातांनी धरा. कोपरे अंगाला टेकवा. भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्या. श्वास क्षणभर रोखा आणि मग बटण दाबा. रात्रीच्या छायाचित्रासाठी फोनमध्ये वेगळी सोय असते. तीत फोन लागोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र करतो. ते काम पुरे होईपर्यंत फोन हलवू नका.

चौथे काम म्हणजे योग्य अंतर. लांबची वस्तू मोठी दिसावी, म्हणून आपण पडद्यावर दोन बोटे फाकवतो. पण साध्या फोनमध्ये त्याने वस्तू जवळ येत नाही. फोन चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो. म्हणून चित्र फाटल्यासारखे दिसते. बोटे फाकवण्याऐवजी दोन पावले पुढे चला. मात्र माणसाचा चेहरा काढताना फार जवळ जाऊ नका. फोनचे भिंग रुंद दृश्य पाहणारे असते. एका फुटावरून चेहरा काढला, तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चार-पाच फूट अंतर ठेवा.

पाचवे काम म्हणजे चौकट. पडद्याच्या चारही कडा पाहा. दादीच्या डोक्यातून विजेचा खांब तर उगवला नाही ना? कोपऱ्यात चपला, बादली किंवा अर्धा कापलेला माणूस तर नाही ना? नको असलेली वस्तू चौकटीबाहेर जाईल, असे एक पाऊल सरका. फोनच्या सेटिंगमध्ये आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. ती सुरू केली, की क्षितिज तिरपे येत नाही. लहान मुलांचे छायाचित्र काढताना खाली बसा. उभ्याने काढले, तर मूल आणखी छोटे आणि बिचारे दिसते. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन आणला, तर ते आपल्याशी बोलत आहे असे वाटते.

छायाचित्रे फक्त माणसांची आणि नदीची काढतात, असे समजू नका. आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कारण एवढेच, की उत्पन्नाच्या दाखल्याचे छायाचित्र वाचता येत नव्हते. तिने ते रात्री दिव्याखाली काढले होते. दाखल्यावर तिच्याच हाताची सावली पडली होती आणि शेवटचे आकडे त्या सावलीत बुडाले होते. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात टेबल ठेवले. त्यावर गडद रंगाची चादर पसरली आणि दाखला सपाट ठेवला. थेट ऊन नव्हते, पण भरपूर उजेड होता. तिने फोन दाखल्याच्या बरोबर वर, अगदी आडवा धरला. चारही कोपरे चौकटीत घेतले. मग चित्र मोठे करून प्रत्येक आकडा वाचून पाहिला. या कामाला पाच मिनिटेही लागली नाहीत. अर्ज मंजूर झाला. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या कार्डावर उजेड चमकतो. तेव्हा कार्ड थोडे फिरवून चमक जाईल अशी जागा शोधा. एक गोष्ट मात्र विसरू नका. आधार कार्डासारख्या कागदांची छायाचित्रे कोणालाही पाठवू नका.

इथपर्यंत आपण हाताचे काम पाहिले. आता मनाचे काम पाहू. ते म्हणजे वाट पाहणे.

होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही लक्षात ठेवा. त्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचा जन्म १९१३ साली गुजरातमधील नवसारी येथे झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत झाले आणि जे. जे. कलाशाळेतही त्या शिकल्या. सुरुवातीला त्यांची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. पुढे त्या दिल्लीला गेल्या. स्वतंत्र भारताचे पहिले दिवस त्यांनी आपल्या कॅमेऱ्यात टिपले. पंडित नेहरू कबुतर उडवत आहेत, हे त्यांचे छायाचित्र फार गाजले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

त्या वापरत असलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक होता रोलीफ्लेक्स. त्याच्या एका रिळात बारा छायाचित्रे निघत. फक्त बारा! तेरावे काढायचे असेल, तर रीळ बदलावे लागे आणि रिळाला पैसे पडत. काढलेले छायाचित्र कसे आले, तेही लगेच दिसत नसे. म्हणून छायाचित्रकार आधी पाहत, विचार करत, वाट पाहत आणि मग बटण दाबत. कबुतर हातातून सुटते, तो क्षण एकदाच येतो. तो आपण होऊन कॅमेऱ्यात येत नाही. त्यासाठी माणूस तयार असावा लागतो.

आपल्याला रिळाचे पैसे पडत नाहीत. म्हणून आपण आधी बटण दाबतो आणि नंतर पाहतो. कित्येकदा नंतरही पाहत नाही. तुमच्या भिंतीवरची तसबीर इतकी चांगली का आली, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. स्टुडिओवाल्याने दादांना खुर्चीवर बसवले, दिवा सरकवला, टोपी सरळ केली, "हनुवटी थोडी वर" म्हटले आणि मगच बटण दाबले. त्याने दादांना अर्धे मिनिट नीट पाहिले होते.

पाहण्याबरोबर विचारणेही आले. कोणाचेही छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्या. स्त्रियांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. नमाज पढणारा माणूस, जनाज्याजवळ रडणारा माणूस, अपघातात जखमी झालेला माणूस यांच्यावर कॅमेरा रोखू नका. जखमीला आधी मदत लागते. अंगारकी चतुर्थीला टिटवाळ्याच्या महागणपती मंदिराकडे भाविकांची मोठी गर्दी लोटते. तेथील फुलवाल्याचे किंवा एखाद्या आजोबांचे छायाचित्र काढावेसे वाटले, तर जवळ जा आणि म्हणा, "काका, एक फोटो काढू का?" बहुतेक लोक हसून होकार देतात आणि ते हसूच छायाचित्रात उतरते. नकार दिला, तर आभार मानून पुढे चला.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपण लोकल गाडीने प्रवास करणारी माणसे आहोत. रुळांवर उभे राहून, दारात लटकून किंवा पुराच्या पाण्याजवळ जाऊन कधीही छायाचित्र काढू नका. पडद्याकडे पाहणाऱ्याला मागून येणारी गाडी दिसत नाही. छायाचित्र आठवण राहावी म्हणून काढायचे असते. आपणच आठवण होण्यासाठी नव्हे.

शेवटी एक गृहपाठ देतो. पुढच्या रविवारी असे समजा, की तुमच्या फोनमध्ये बारा छायाचित्रांचे रीळ आहे. दिवसभरात बाराच काढायची. एकही पुसायचे नाही. त्यांतले एक घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचे असू द्या. त्यांना खिडकीजवळ बसवा. लगेच बटण दाबू नका. आधी त्यांच्याशी बोला. त्यांचे बालपण विचारा. बोलता बोलता त्यांचा चेहरा मोकळा होईल. तेव्हा बटण दाबा.

मग ते एक छायाचित्र दुकानातून कागदावर छापून आणा. फोन हरवतो, पाण्यात पडतो, बिघडतो आणि त्याच्याबरोबर सारी छायाचित्रे जातात. कागदावरचे छायाचित्र पेटीत राहते. त्याच्या मागे त्यांचे नाव, तारीख आणि 'टिटवाळा' असे लिहून ठेवा. आणि हे काम पुढच्या ईदवर टाकू नका. रविवार जवळ आहे.